घेण्यास नकार

परवा माझा भाचा घरी आला होता. माझा फोन हातात घेऊन काहीतरी बघत होता, तो एकदम म्हणाला, "मामू, अकरा हजार चारशे मेल न वाचलेल्या पडल्यात! तुम्ही कुणाला ब्लॉक करत नाही का?" मी म्हटलं, "बाबा, मला ते जमत नाही." खरं उत्तर वेगळं होतं, ते ओघात येईलच. त्यानं अर्ध्या तासात माझ्यासमोर पन्नासेक पत्ते ब्लॉक केले. कर्ज देणारे, प्लॉट विकणारे, टक्कल घालवणारे, परदेशातल्या कुणा मृत धनिकाचा वारसा माझ्या नावावर करू पाहणारे. एक बोट लावलं की माणूस गेला. आवाज नाही, शेरा नाही.

शेरा हा शब्द माझ्या तोंडी येतो तो अब्बांमुळे. माझे वडील पोस्टमन होते. चिपळूणच्या खाडीकाठच्या सात-आठ वाड्यांची डाक त्यांच्या पिशवीत असे. आमचा भाग मनिऑर्डरवर जगणारा. मुंबईहून पैसे, कुवेतहून आणि जहाजांवरून पत्रं. ज्यांना वाचता येत नसे त्यांना अब्बा ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवत आणि उत्तरही लिहून देत. एका वाडीत एक बाई होती. नवऱ्यानं मुंबईत दुसरं घर केलं होतं. त्याचं पत्र आलं की ती दारातूनच सांगायची, "भाऊ, परत न्या." अब्बा लगेच वळत नसत. पाकीट हातात धरून मिनिटभर उभे राहत, बाईचं मन बदलतंय का बघायला. मग तिथंच, गुडघ्यावर पिशवी टेकवून, पाकिटावर लिहीत : 'घेण्यास नकार'. खाली तारीख आणि सही. ते पत्र जसं आलं तसं मुंबईला परत जाई. नवऱ्याला कळे की पत्र दारापर्यंत गेलं होतं आणि दार उघडलं नाही.

नको असलेलं पत्र नाकारायचा हा हक्क फार जुना आहे. आज ज्याला आपण 'ब्लॉक करणं' म्हणतो त्याचा इतिहास संगणकापासून सुरू होत नाही, तो या पाकिटापासून सुरू होतो. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यानं द्यायचे. नको असेल तर नाकारायचं. लोक मोठे हुशार. पाकिटावरच खुणा करून पाठवत. घेणारा खूण बघून मजकूर ओळखे आणि पैसे न देता पत्र परत करी. रोलँड हिलनं १८४० मध्ये एक पेनीचं तिकीट आणलं आणि पैसे पाठवणाऱ्याच्या खिशातून जाऊ लागले. आपल्याकडे १८५४ मध्ये पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा एकच दर ठरला. तिकीट न लावलेलं पत्र बैरंग. आमच्याकडे त्याला 'नॉटपेड' म्हणत. घेणाऱ्यानं दुप्पट भरायचं किंवा नाकारायचं. म्हणजे एक तर पाठवणाऱ्याला खर्च होता, नाहीतर घेणाऱ्याला नाही म्हणायची संधी होती. हे दोन बांध होते म्हणून टपालाला पूर आला नाही.

अगदीच आला नाही असंही नाही म्हणा. माझ्या वयाच्या लोकांना संतोषी मातेची कार्डं आठवत असतील. 'हे पत्र इतक्या जणांना पाठवा, लॉटरी लागेल. फाडून टाकाल तर घरात वाईट होईल.' आमच्या मोहल्ल्यात त्याचा जुळा भाऊ होता : मदिनेतल्या शेख अहमद नावाच्या कुणा सेवकाला पडलेलं स्वप्न, उर्दू पत्रकावर छापलेलं, त्याच्याही प्रती काढून वाटायच्या. हे स्वप्न एकोणिसाव्या शतकापासून जगभर फिरतं आहे. अब्बा दोन्ही प्रकार इमानेइतबारे पोहोचवत. घरी आल्यावर म्हणत, "तिकीट लावलंय ना? मग ते पत्रच." पण कार्डाला पैसे पडत, हातानं लिहावं लागे. अकरा कार्डं लिहिता लिहिता भक्तीसुद्धा थकते.

आता संगणकाकडे येऊ. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सननं एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवलं आणि पत्त्यात ते प्रसिद्ध शेपटीवालं चिन्ह वापरलं. तेव्हाचं जाळं म्हणजे अर्पानेट, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेलं, विद्यापीठं आणि संशोधनसंस्था यांच्यापुरतं. सगळे एकमेकांना ओळखणारे. गावात कुलूप कोण लावतं? पण चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, जॉन पोस्टेल नावाच्या दाढीवाल्या तरुण संशोधकानं एक छोटं टिपण लिहिलं. त्याचा क्रमांक ७०६. विषय होता नकोशा टपालाचा. त्याचं म्हणणं साधं होतं : या जाळ्यात एखाद्या संगणकाला निवडक संदेश नाकारायची सोयच नाही, बिघडलेला संगणक किंवा नुसता त्रास देणारा पाठवणारा यांचं टपाल नको म्हणता आलं पाहिजे. मला याची गंमत वाटते. चोर यायच्या आधी या माणसाला कडी आठवली होती.

चोर आला १९७८ च्या मे महिन्यात. चोर म्हणणं जरा जास्त होईल, तो विक्रेता होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचा गॅरी थर्क. कंपनीच्या नव्या यंत्रांचं प्रात्यक्षिक कॅलिफोर्नियात होतं. त्यानं अर्पानेटच्या छापील यादीतून पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे चारशे पत्ते काढले आणि सगळ्यांना एकच निमंत्रण धाडलं. पत्ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावले नाहीत, खालच्या मजकुरात सांडले. लोक चिडले, संरक्षण खात्याकडून कानउघाडणी झाली. पण त्यातून लाखो डॉलरची यंत्रं विकली गेली, असा थर्कचा दावा होता. मला वाटतं पुढचं सगळं या एका वाक्यात आहे. शंभरातल्या नव्व्याण्णवांनी शिव्या दिल्या तरी चालेल, एकानं माल घेतला की पुरे. आणि शंभर पत्रांना खर्च एका पत्राइतकाच. हिलचा बांधही नाही आणि बैरंगचाही नाही.

त्यात आणखी एक भर. १९८२ मध्ये ई-मेल कशी जावी याचे नियम लिहिले गेले. ते लिहिणारा पुन्हा जॉन पोस्टेलच. त्या नियमांत पाठवणाऱ्याचं नाव तपासायची व्यवस्था नव्हती. पाकिटाच्या मागं कुणीही कुणाचंही नाव लिहावं. ज्यानं कडीची गरज पहिल्यांदा सांगितली त्याच्याच हातून दार बिनकडीचं बसलं. त्याला दोष देऊ नका. ओळखीच्या माणसांसाठी बांधलेल्या वाड्यात पुढं अख्खं जग राहायला येईल हे कुणाला ठाऊक होतं?

या उपद्रवाला नाव पडलं 'स्पॅम'. हा एका डबाबंद मांसाचा ब्रँड, अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीनं १९३७ मध्ये आणलेला. १९७० मध्ये बीबीसीवर मॉन्टी पायथन या विनोदी मंडळींनी एक प्रहसन केलं. उपाहारगृहात प्रत्येक पदार्थात स्पॅम, आणि बाकीचे गिऱ्हाईक 'स्पॅम, स्पॅम' असा इतका गजर करतात की दुसरं काही ऐकूच येत नाही. तिथून हे नाव आलं. माझ्या दृष्टीनं ते फारच चपखल आहे. तो डबा डुकराच्या मांसाचा. आमच्या घरात ज्याला उंबरा ओलांडायची मुभा नाही, त्याच नावाचं एक फोल्डर माझ्या फोनमध्ये मी रोज बाळगतो.

नाव अंगाला चिकटलं ते १९९४ मध्ये. अॅरिझोनातल्या एका वकील जोडप्यानं, कँटर आणि सीगल यांनी, अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात 'यूजनेट' नावाच्या सार्वजनिक चर्चाफलकांवर एकाच वेळी हजारो ठिकाणी चिकटवली. मांजरांवर बोलणाऱ्यांनाही ग्रीन कार्ड, गणितावर बोलणाऱ्यांनाही ग्रीन कार्ड. याच यूजनेटवर ब्लॉकचा पहिला खरा अवतार आधीच जन्मला होता. १९८४ मध्ये लॅरी वॉल या प्रोग्रामरनं चर्चा वाचण्यासाठी जी आज्ञावली लिहिली, तिच्यात 'किल फाइल' होती. कटकट्या माणसाचं नाव त्या फाइलीत घातलं की त्याचं लिखाण तुम्हाला दिसणंच बंद. पण त्या लोकांची एक रीत होती. नाव फाइलीत टाकताना ते जाहीरपणे एक शब्द लिहीत : 'प्लॉंक'. म्हणजे नाव तळाशी पडल्याचा आवाज. नाकारलेल्याला तो आवाज ऐकू जाई. अब्बांचा शेराच म्हणा ना.

आता तुम्ही म्हणाल, कुणी बोलायला लागलं तर ऐकून न घेणं हा त्याच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही का? हा प्रश्न अमेरिकेत खरोखर न्यायालयात गेला, आणि तोही ई-मेलच्या आधी. १९६७ च्या एका कायद्यानं घरमालकाला अधिकार दिला की एखाद्या जाहिरातदाराचं कामुक वाटणारं टपाल मला पाठवू नका, असं तो पोस्टामार्फत बजावू शकतो. कामुक कशाला म्हणायचं हे सर्वस्वी त्या घरमालकानं ठरवायचं, सरकारनं नाही. टपालविक्रेते भांडायला गेले. १९७० मध्ये, रोवन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकाल दिला की बोलणाऱ्याचा हक्क नको म्हणणाऱ्याच्या पत्रपेटीपाशी थांबतो. विचार चांगले असले तरी ते कुणाच्या घरात कोंबायचा हक्क कुणाला नाही. पुढं १९९६ मध्ये सायबर प्रमोशन्स या ठोक जाहिराती पाठवणाऱ्या कंपनीनं अमेरिका ऑनलाइनशी असंच भांडण काढलं, आणि पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयात ती हरली.

पण या दोन खटल्यांत एक फरक होता. १९७० मध्ये नाही म्हणणारा घरमालक होता. १९९६ मध्ये नाही म्हणणारी होती टपाल वाहणारी कंपनी. अब्बांनी बाईला न विचारताच वाटेत पत्र अडवावं, तसं.

कंपन्यांचा नाइलाज होता, हेही खरं. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी एक काळी यादी सुरू केली. स्पॅम सोडणाऱ्या संगणकांचे पत्ते त्या यादीत जात, आणि जगभरचे टपाल-संगणक ती यादी बघून त्यांचं दार लावून घेत. संस्थेचं नाव मॅप्स. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की स्पॅम. यादीनं काम चोख केलं. मात्र एका संगणकावर एक भामटा आणि हजार सज्जन असले तर हजारांचंही टपाल बंद व्हायचं. एका घरात देवी आली की अख्ख्या वाडीला कुंपण घालायचे, तो प्रकार.

मग २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरनं एक लेख लिहिला, आणि मोहोर पत्त्यावरून उडून शब्दांवर बसली. त्यानं सुमारे चार हजार कचऱ्याची पत्रं आणि तेवढीच चांगली पत्रं घेतली, कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजलं. आलेल्या पत्रातल्या शब्दांवरून ते कुठल्या ढिगातलं असण्याचा संभव जास्त, हे गणित करायचं. गणिताचा पाया अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा. त्याचा निबंध छापला गेला १७६३ मध्ये, तो वारल्यावर. ग्रॅहमला असं आढळलं की भडक लाल रंगाची संगणकी खूण ही कुठल्याही अश्लील शब्दाइतकीच स्पॅमची खात्रीशीर निशाणी आहे. कवी म्हणून मला या माणसाचा हेवा वाटतो. शब्दांचं इतकं नेमकं वजन आम्हाला कुठं करता येतं?

मात्र हा तराजू इंग्रजीवर घडवलेला होता. २००५-०६ च्या सुमारास युनिकोड देवनागरी आमच्या हाती नुकती आली होती. मी हरखून न्यू जर्सीतल्या एका मित्राला त्याच्या कार्यालयाच्या पत्त्यावर नवी कविता देवनागरीत पाठवली. उत्तर नाही. मला वाटलं, कविता पडली. दीड महिन्यानं त्याचा फोन आला. कार्यालयातल्या गाळणीनं ती कचऱ्यात टाकली होती. "आमच्या संगणकाला तू चिनी वाटलास," तो हसत म्हणाला. मी हसलो, पण फार नाही. हा काही त्या एका गाळणीचा दोष नव्हता. स्पॅमअसॅसिन नावाच्या मोफत गाळणीत आपल्याला चालतील त्या भाषा नोंदवता येत, बाकीच्या भाषांचं पत्र संशयित. आउटलुकमध्येही अख्ख्या देशाचे पत्ते किंवा अख्खी लिपी सरसकट बंद करायची सोय आली. सोय करणाऱ्यांच्या मनात द्वेष नव्हता. ज्याला कोरियन येत नाही त्याला कोरियन पत्र कशाला, एवढाच हिशेब. पण त्या हिशेबात आपली भाषा कुणाच्या तरी काळ्या यादीत जाते, आणि आपल्याला कुणी कळवतही नाही.

कायदा काय करत होता? अमेरिकेनं २००३ च्या डिसेंबरात कायदा केला : पाठवायला हरकत नाही, पण खोटं नाव नको आणि 'बस्स' म्हणायची सोय द्या. जानेवारी २००४ मध्ये बिल गेट्स दावोसला म्हणाले की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न मिटेल. २००८ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या मॅकोलो या एकाच कंपनीचं जाळं तोडलं, तर जगातलं निम्म्याहून अधिक स्पॅम एका दिवसात थांबलं. काही महिन्यांत पुन्हा तेच.

आपल्याकडे फोनसाठी ट्रायनं २००७ मध्ये 'नको' म्हणणाऱ्यांची नोंदवही सुरू केली. ई-मेलचा उल्लेख आला तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात, २००८ च्या दुरुस्तीनं. या कलमाची बाकीची पोटकलमं गाजली, पण त्यातलं तिसरं ई-मेलविषयी होतं : त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, किंवा पाठवणाऱ्याविषयी फसवणूक व्हावी म्हणून पाठवलेली मेल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंग. पाहा, पोस्टेलनंही त्रास हाच निकष लावला होता. त्यानं घेणाऱ्याला दार लावायची मुभा मागितली, आम्ही बोलणाऱ्याला कोठडी दिली. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीनं आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली, कलमांत ६६-अ होतं. ज्याला ते वाचायचं नव्हतं त्याला ते न वाचायची पूर्ण मोकळीक होती. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम रद्द केलं. त्रास कशाला म्हणायचं हे माणसागणिक बदलतं, त्यावर फौजदारी गुन्हा उभा राहत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

त्याच वर्षी, सप्टेंबरात, जीमेलनं प्रत्येक पत्राजवळ 'ब्लॉक' दिलं. योगायोगच, पण मला तो आवडतो. आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी ठोक पाठवणाऱ्यांना सक्ती केली की पत्ता खरा असल्याचं सिद्ध करा, जाहिरातीत एका टिचकीत नाव काढायची सोय द्या. पोस्टेलच्या दाराला चाळीस वर्षांनी कडी लागली म्हणायची.

तरी ब्लॉकची एक अडचण उरतेच, आणि ती मला भाच्याला सांगता आली नाही. खरा भामटा एकदा वापरलेला पत्ता पुन्हा वापरत नाही. आज एक नाव, उद्या दुसरं, बहुतेक वेळा भलत्याचंच. त्याचं नाव यादीत घालून काय उपयोग? म्हणून तर अशी पत्रं शेरा मारून परतही पाठवता येत नाहीत. ती परत जातात ज्याचं नाव चोरलं त्या निरपराधाकडे. ब्लॉक केलेल्याला कळत नाही ते या कारणानं. मग यादीत खरोखर अडकतं कोण? जो रोज आपल्याच नावानं, एकाच पत्त्यावरून लिहितो तो.

असं एक नाव माझ्या यादीत होतं. आमच्या गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना नातीनं ई-मेल शिकवली आणि ते मला रोज सकाळी सात वाजता 'सुप्रभात' पाठवू लागले, सोबत गुलाबाचं भलंमोठं चित्र. तेव्हा फुकटच्या पेटीत जागा चार-सहा एमबी. आठवडाभरात पेटी भरायची आणि संपादकांची पत्रं परत जायची. मी दोनदा आडून सुचवलं. मग २००४ च्या पावसाळ्यात एक दिवस वैतागून सरांचा पत्ता ब्लॉक केला. त्या सेवेत ब्लॉक केलेलं पत्र कचऱ्याच्या फोल्डरातही जात नसे, दारातच नष्ट होई. पुढं पेटी मोठी झाली, मी यादी विसरलो.

२००९ मध्ये अब्बा गेले. त्यानंतर दोन वर्षांनी चिपळूणला एका कविसंमेलनात सर भेटले. काठी टेकत आले, माझा हात धरला. म्हणाले, "अरे, तुझ्या वडिलांवर मी लांबलचक लिहिलं होतं तुला. पुरात, कमरेएवढ्या पाण्यातून माझी नेमणुकीची ऑर्डर घेऊन आले होते ते, ते सगळं. तुझं उत्तर नाही आलं."

मी म्हटलं, "नाही मिळालं, सर."

"हे कॉम्प्युटरचं असंच," ते म्हणाले. मी मान हलवली. प्रत आहे का विचारलं. त्यांच्याकडे नव्हती. त्या काळी पाठवलेल्या पत्राची प्रत आपोआप राहत नसे, आधी खूण करावी लागे, ती नातीनं सांगितली नव्हती. "पुन्हा लिहाल का?" मी विचारलं. ते म्हणाले, "आता हात कापतो रे. आणि तेव्हा जे सुचलं ते सुचलं."

त्या रात्री घरी येऊन मी जुनी यादी उघडली, सरांचं नाव काढलं आणि त्याच पत्त्यावर चार ओळींची माफी लिहून पाठवली. दोन मिनिटांत ती परत आली. त्या पत्त्यावर आता कुणी नाही, असा शेरा होता.